साडेचौतीस रुपयांचा ऊस आणि एकतीस रुपयांची साखर

गाळप हंगाम सुरू होताना सांगली आणि सातारा जिल्ह्यांत उसाच्या दराचे तीन आकडे एकाच वेळी कानांवर पडतात. केंद्र सरकार २०२५-२६ च्या हंगामासाठी टनाला ३,५५० रुपये सांगते, कारखाने साडेतीन हजारांच्या अलीकडे-पलीकडे पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, जाहीर करतात, आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून येणारी मागणी या दोन्हींच्या वर असते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा साहजिक समज असा होतो की कारखाना केंद्राच्या दरापेक्षा टनामागे पन्नास-शंभर रुपये कमी देतो आहे, संघटना ते वसूल करायला निघाली आहे आणि सरकार मध्ये उभे राहून पाहते आहे. हा समज चुकीचा आहे. वाहतूक रोखणाऱ्यांचा राग खोटा आहे, असा याचा अर्थ मात्र नाही. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ते एका मापात आणले की खरी ओढाताण ज्या दोन रकमांमध्ये चालली आहे त्या समोर येतात, आणि त्या दोन्ही रकमा दिल्लीत ठरतात.

एफआरपी कशाचा दर आहे?

एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला दिलाच पाहिजे असा रास्त आणि किफायतशीर दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती होऊन तो आला. त्याआधी वैधानिक किमान दर असे. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते. २०२५-२६ साठी हा दर क्विंटलला ३५५ रुपये आहे, परंतु तो १०.२५ टक्के उताऱ्याला. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. त्यात दर ०.१ टक्का वाढीला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात आणि तेवढ्याच घटीला तेवढेच कमी होतात. उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली येत नाही.

ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण डेअरीत दुधाचा दर लिटरवर नाही, फॅटवर ठरतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की डेअरीत प्रत्येकाच्या किटलीतला नमुना वेगळा घेतला जातो, तर कारखान्यात हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकायच्या पट्ट्यावर, पडतो आणि सगळ्यांना हंगामाचा सरासरी उतारा लागू होतो. नोव्हेंबरात तुटलेल्या कोवळ्या उसात साखर कमी असते, जानेवारी-फेब्रुवारीत ती भरते. तरी दोघांचा टनाचा दर एकच. तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाच्या, मागे फिरावे लागते, ऊसतोड टोळीला खुशालीचे वरकड पैसे द्यावे लागतात, यामागे बाकी कारणे असतीलच, पण उसाच्या पक्वतेचे मोल शेतकऱ्याच्या बिलात कोठेच दिसत नाही हेही एक कारण आहे. ज्याला खोडव्याला पाणी द्यायचे आहे किंवा रान मोकळे करून गहू-हरभरा टाकायचा आहे, त्याला लवकर तोड हवी असते, आणि लवकर तोड मिळवून सरासरी उतारा किंचित खाली आणल्याची झळ त्याला एकट्याला बसत नाही.

वाणांच्या बाबतीतही तेच. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला फुले २६५ हा वाण शेतकऱ्यांनी टनेज मिळते म्हणून उचलून धरला, तर कारखाने उताऱ्यासाठी को ८६०३२ मागत राहिले आणि २६५ ची नोंद घ्यायला, तो वेळेवर तोडायला नाखूश राहिले. शेतकऱ्याला टनावर पैसे मिळतात, कारखान्याला साखरेवर. दोघांचेही वागणे आपापल्या जागी शहाणपणाचे आहे. सरासरी उताऱ्याची ही पद्धत मोडून प्रत्येक शेतकऱ्याचा उतारा मोजणे आजच्या यंत्रणेत शक्य आहे असे मला वाटत नाही, कारण ट्रॉलीगणिक नमुना घेऊन त्यावर सर्वांचा विश्वास बसेल अशी सोय आज कारखान्याच्या आवारात नाही. पुढचा सगळा हिशेब म्हणूनच सरासरी धरून करावा लागतो.

केंद्राचा दर आणि पहिली उचल जुळत का नाहीत?

केंद्राचे ३,५५० रुपये हे १०.२५ टक्के उताऱ्याचे आणि कारखान्याच्या दारात आणून टाकलेल्या उसाचे आहेत. कृष्णा-वारणेच्या काठी उतारा यापेक्षा बराच चांगला असतो, आणि ऊस दारात आणून टाकण्याचे काम आपल्याकडे शेतकरी करीत नाही, कारखाना करतो आणि त्याचा खर्च बिलातून कापून घेतो. म्हणजे आपल्या कारखान्याचा आकडा काढताना एकदा वर चढायचे आणि एकदा खाली उतरायचे.

समजा कारखान्याचा उतारा १२ टक्के आहे. १०.२५ पासून १२ पर्यंत साडेसतरा पायऱ्या होतात, प्रत्येकी ३.४६ रुपये धरून क्विंटलला साठ रुपये पंचावन्न पैसे वाढतात, आणि टनाची एफआरपी ४,१५५ रुपये होते. त्यातून तोडणी-वाहतुकीचे समजा ९०० रुपये वजा केले तर शेतकऱ्याच्या हाती ३,२५५ रुपये येतात. उतारा साडेबारा असेल तर एकूण ४,३२८ आणि हातात ३,४२८. याचा अर्थ साडेतीन हजारांच्या जवळची उचल देणारा कारखाना केंद्राच्या दरापेक्षा कमी देत असेलच असे नाही, आणि ३,३०० देणारा चांगल्या उताऱ्याचा कारखाना एफआरपी बुडवीत असू शकतो. नुसत्या उचलीच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. उतारा आणि कपात हे दोन आकडे सोबत लागतात. अर्ध्या टक्क्याच्या उताऱ्याने टनाला १७३ रुपयांचा फरक पडतो. पन्नास टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलात ते ८,६५० रुपये होतात.

तोडणी-वाहतुकीची कपातही उताऱ्यासारखीच सरासरीची असते. कारखान्याच्या गव्हाणीपासून चार किलोमीटरवरचा सभासद आणि साठ किलोमीटरवरून आणलेला गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, यांचा खर्च एकत्र करून सगळ्यांना भागून लावला जातो. गाळपक्षमता वाढवून ठेवली आणि जवळ तेवढा ऊस नाही, म्हणून लांबून ऊस आणायचा, आणि त्या लांबच्या वाहतुकीचा भार जवळच्या शेतकऱ्याने उचलायचा, हा प्रकार उचलीच्या आंदोलनात जितका गाजायला हवा तितका गाजत नाही.

आधार उतारा सरकला तेव्हा

दरवर्षी केंद्र सरकार एफआरपी वाढवल्याची घोषणा करते आणि ती खरी असते, मात्र पूर्ण खरी असतेच असे नाही. २०१७-१८ साली क्विंटलला २५५ रुपये दर होता तो साडेनऊ टक्के उताऱ्याला. पुढच्या वर्षी २७५ रुपये जाहीर झाले, पण आधार उतारा दहा टक्के करण्यात आला. साडेनऊ टक्के उताऱ्याच्या उसाला नव्या हिशेबाने २६१ रुपये २५ पैसे मिळाले. वीस रुपयांच्या घोषणेतली प्रत्यक्ष वाढ सव्वासहा रुपये होती. २०२२-२३ साली पुन्हा तेच झाले. २९० चे ३०५ झाले आणि आधार उतारा १० वरून १०.२५ वर गेला. जुन्याच सूत्राने १०.२५ टक्क्यांच्या उसाला २९७ रुपये २५ पैसे मिळत होते, म्हणजे पंधरा रुपयांतले पावणेआठच खरे.

सुधारलेल्या वाणांमुळे देशातला उतारा वाढला आहे म्हणून आधारही वाढवला, असे याचे समर्थन केले जाते. ते अगदीच निराधार नाही. तरीही शेतकऱ्याने मेहनतीने आणि संशोधकांनी वर्षानुवर्षे खपून वाढवलेल्या उताऱ्याचा लाभ दराच्या तळाशी गाडून टाकायचा आणि वर मथळ्यात वाढीचा मोठा आकडा छापून आणायचा, याला हिशेब म्हणता येत असले तरी प्रामाणिकपणा म्हणवत नाही.

सगळा हिशेब एका किलोवर आणला तर

१०.२५ किलो साखरेला ३५५ रुपये, म्हणजे एका किलोला ३४ रुपये ६३ पैसे. ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये हाही तोच दर आहे. म्हणून साडेनऊ टक्क्यांच्या वर उतारा कितीही असो, एफआरपीचा अर्थ एकच: उसात जितकी साखर निघेल तिच्या प्रत्येक किलोमागे कारखान्याने उसासाठी ३४ रुपये ६३ पैसे मोजायचे. टन, क्विंटल, आधार, पायऱ्या हे सगळे बाजूला ठेवले तरी चालते.

आता दुसरी रक्कम. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला. यापेक्षा कमी दराने कारखान्याने साखर विकू नये असा हा नियम. २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही हा दर ३१ रुपयेच होता. उसाचा दर मात्र साखरेच्या किलोमागे २०१८-१९ मध्ये साडेसत्तावीस रुपये होता, २०२१-२२ मध्ये २९, २०२३-२४ मध्ये ३० रुपये ७३ पैसे, २०२४-२५ मध्ये ३३ रुपये १७ पैसे, आणि आता ३४ रुपये ६३ पैसे. म्हणजे २०२४-२५ पासून नुसत्या उसाची किंमत साखरेच्या किमान किमतीच्या वर गेली आहे; मजुरी, रसायने, देखभाल, कर्जाचे व्याज आणि पोत्याची किंमत त्यात अजून धरलेलीच नाही. किमान विक्री दर ठरवताना उसाची एफआरपी आणि कार्यक्षम कारखान्याचा प्रक्रिया खर्च विचारात घ्यायचा, हे तत्त्व खुद्द सरकारनेच २०१८ साली मांडले होते. एक आकडा जवळजवळ दरवर्षी पुढे सरकवायचा आणि त्यावरच बेतलेला दुसरा आकडा जागेवर गोठवून ठेवायचा, हे धोरण नुसत्या विसरभोळेपणातून सहा वर्षे चालत नाही. शेतकऱ्याला दरवाढ दाखवायची आहे, शहरातल्या ग्राहकाला स्वस्त साखर दाखवायची आहे, आणि मधला फरक कारखान्याने व त्याला कर्ज देणाऱ्या बँकेने कसाबसा भरून काढायचा आहे.

बाजारात साखर ३१ रुपयांनी विकली जात नाही, हे खरे. कारखान्याच्या दारातला दर त्यापेक्षा चांगला असतो. समजा तो ३७ रुपये आहे. तरी ३४.६३ रुपये उसाला गेल्यावर २ रुपये ३७ पैसे उरतात, आणि त्यात मळी (साखर काढल्यावर उरणारा पाक), बगॅस (उसाचे चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांचे उत्पन्न मिळवून कारखाना चालवायचा असतो.

चौदा दिवसांत पैसे द्यायला अडचण काय?

ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यायचे, आणि तरीही न दिल्यास साखर आयुक्तांच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू शकतात. शेतकऱ्याच्या बाजूने यात संदिग्ध काही नाही. अठरा महिने आडसाली ऊस सांभाळून सोसायटीचे व्याज भरणाऱ्या माणसाने आणखी वर्षभर थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

कारखान्याची अडचण अशी की गाळप चार-पाच महिन्यांत उरकते आणि साखर वर्षभर विकावी लागते, तीही केंद्र दर महिन्याला ठरवून देईल त्या कोट्याइतकीच. म्हणून साखरेची पोती तारण ठेवून जिल्हा बँकेकडून किंवा राज्य सहकारी बँकेकडून उचल घेतली जाते. बँक साखरेचे मूल्यांकन करते आणि त्यातला काही भाग सुरक्षेसाठी राखून उरलेले पैसे देते. समजा क्विंटलचे मूल्यांकन ३,६०० रुपये झाले आणि बँकेने दहा टक्के राखले, तर ३,२४० रुपये हातात येतात. एक क्विंटल साखरेच्या उसाचे देणे आहे ३,४६३ रुपये. पहिल्याच दिवशी २२३ रुपयांची तूट, आणि त्याच रकमेतून बँक आधीच्या कर्जाचे हप्तेही वळते करून घेते. पहिली उचल नावाचा प्रकार जन्माला आला तो येथून.

ही तूट भरण्याचा मार्ग राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला तो शेतकऱ्याच्या खिशातून. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा शासन निर्णय झाला. पहिला हप्ता ठरावीक आधार उताऱ्यावर, आणि उरलेले पैसे हंगाम संपून खरा उतारा निश्चित झाल्यावर. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने दिलेले संरक्षण राज्याला असे पातळ करता येणार नव्हते, आणि निकाल योग्यच झाला, असे मला वाटते. पण निकालाने २२३ रुपयांची तूट नाहीशी झालेली नाही. ज्या कारखान्याचा ताळेबंद सशक्त आहे तो ती भरतो. ज्याचा नाही तो थकबाकीदारांच्या यादीत जातो, किंवा भाड्याने चालवायला दिला जातो, किंवा विकला जातो. आपल्या दोन जिल्ह्यांत याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

काटा मारला तर?

येथवर वाचून आलेला शेतकरी विचारील की उतारा कारखानाच मोजतो, काटाही कारखान्याचाच, मग हा सगळा हिशेब कारखान्याच्या मर्जीवर चालला नाही का? शंका रास्त आहे, आणि किलोच्या हिशेबाने तिचे उत्तर शोधणे सोपे जाते.

एफआरपी साखरेच्या किलोवर बेतलेली असल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. समजा शंभर टन ऊस आला, काट्यावर अठ्ठ्याण्णव टनच दाखवला आणि साखर निघाली बारा टन. कागदावर उतारा १२ ऐवजी सव्वाबाराच्या आसपास दिसेल, टनाचा दर त्या प्रमाणात वाढेल आणि कारखान्याचे एकूण देणे होते तेवढेच राहील. ज्याच्या ट्रॉलीचे वजन मारले त्याचे नुकसान होईल आणि ज्याचे मारले नाही त्याचा फायदा होईल, पण कारखान्याला त्यातून काही सुटणार नाही. म्हणजे काटामारीतून कारखान्याने पैसा काढायचा असेल तर त्याच प्रमाणात साखरही पुस्तकाबाहेर ठेवावी लागेल, किंवा मळीत नाहीतर बगॅसमध्ये गेल्याचे दाखवावे लागेल. काटामारी आणि उतारा-चोरी या दोन वेगळ्या तक्रारी मानल्या जातात. प्रत्यक्षात दुसरीशिवाय पहिली पचत नाही.

यामुळे देखरेख कोठे हवी तेही ठरते. भरारी पथकाने वर्षातून एखाद्या दिवशी येऊन काटा तपासला, तो बरोबर निघाला, आणि फोटो छापून आला, एवढ्याने भागत नाही. काट्याची नोंद, रोज भरलेली पोती आणि मळीचा साठा हे तिन्ही आकडे कारखान्याबाहेरच्या यंत्रणेला त्याच दिवशी दिसले पाहिजेत. काटे संगणकाला जोडलेले आहेतच. प्रश्न ते कोणाच्या संगणकाला जोडायचे एवढाच आहे.

इथेनॉलने यात आणखी एक पडदा टाकला आहे. पूर्वी शेवटची साखर काढून घेतल्यावर उरलेली सी-हेवी मळी आसवनीत, म्हणजे अल्कोहोल बनवणाऱ्या विभागात, जात असे. आता काही साखर मळीतच राहू देऊन बी-हेवी मळीपासून, किंवा थेट रसापासून इथेनॉल बनते. पोत्यात भरलेली साखर त्यामुळे कमी दिसते आणि उतारा पडल्यासारखा वाटतो. शेतकऱ्याच्या एफआरपीसाठी मात्र ही वळवलेली साखर उताऱ्यात पुन्हा मिळवायची असते, आणि किती मिळवायची याचा दाखला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. राज्याचा सरासरी उतारा साडेनऊवर आला असे छापून येते तेव्हा तो बहुधा वळवलेली साखर वजा करून काढलेला असतो. आपल्या बिलावर कोणता उतारा धरला आहे, हे विचारून घेण्याची गोष्ट आहे.

मग एफआरपीच्या वरचा दुसरा हप्ता कायद्याने का मिळत नाही?

एफआरपी हा किमान दर आहे. कारखान्याला जास्त नफा झाला तर त्यात शेतकऱ्याचा वाटा असावा, म्हणून रंगराजन समितीच्या २०१२ च्या शिफारशींवरून महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले. सूत्र असे: साखर आणि पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा पंचाहत्तर टक्के वाटा उसाला. हा वाटा एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर वरचे पैसे द्यायचे. यालाच महसुली वाटणी, बोलीभाषेत आरएसएफ म्हणतात.

कागदावर हे सूत्र न्याय्य आहे. पण ३४ रुपये ६३ पैसे हा पंचाहत्तर टक्के वाटा व्हायचा असेल तर साखर किलोला ४६ रुपयांच्या वर विकली गेली पाहिजे, आणि तीही किराणा दुकानात नव्हे, कारखान्याच्या दारात. तसा दर कोठेही नाही. एफआरपी एवढी वर गेली आहे की साखरेपुरते पाहिले तर या सूत्रातून काही निघण्याची शक्यता आज उरलेली नाही. जे काही निघू शकते ते मळी आणि बगॅस यांच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीत आहे, आणि तो टप्पा सूत्राच्या बाहेर ठेवलेला आहे. मळी आसवनीला कोणत्या दराने दिली असे पुस्तकात दाखवायचे, हे आसवनीही त्याच मालकाची असताना तोच ठरवणार, यात काय होते ते वेगळे सांगायला नको. इथेनॉलचे आणि विजेचे उत्पन्न वाटणीत धरा, ही शेतकरी संघटनांची मागणी म्हणूनच मला उचलीच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

कारखानदारांचे यावर उत्तर असते की आसवनीची गुंतवणूक आणि जोखीम आमची आहे. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अचानक उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली, आठवडाभराने ती सैल करून मर्यादित साखर वळवायला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षाकरिता ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठवले. त्या हंगामात निर्यातही बंद होती; २०२१-२२ मध्ये याच देशाने सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली होती. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही. शिवाय रसापासूनच्या इथेनॉलचा लिटरला ६५ रुपये ६१ पैसे हा दर २०२२-२३ च्या पुरवठा वर्षापासून २०२४-२५ पर्यंत तसाच राहिला आणि दरम्यान एफआरपी ३०५ वरून ३४० झाली. मका आणि तांदूळ यांपासून बनणाऱ्या इथेनॉलने पेट्रोलमधला मोठा वाटा घेतला, तो अशा काळात. जोखीम आहे, पण जोखीम कारखान्याची म्हणून नफा कारखान्याचा, आणि तोटा झाला की शासनहमी व कर्जाचे पुनर्गठन सगळ्यांच्या पैशाने, ही वाटणी कोणत्याही सूत्रात बसत नाही.

साखर महाग करायची का?

किमान विक्री दर ४० रुपयांच्या आसपास न्यावा अशी कारखानदारांच्या संघटनांची मागणी आहे, आणि ग्राहकाच्या नावाने तिला विरोध होतो. येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बाजारातला दर आधीच ३१ च्या बराच वर असल्याने किमान दर ३७ केला तर दुकानातली साखर त्याने महागेलच असे नाही. बाजार कोसळेल त्या वर्षी तो आधार होईल, आणि बँकेच्या मूल्यांकनाला तळ मिळेल. तो ४० केला तर भाव वाढेल. महिन्याला पाच किलो साखर लागणाऱ्या घराला किलोमागे तीन रुपयांची वाढ म्हणजे पंधरा रुपये. देशातली निम्म्याहून अधिक साखर घरांत जातच नाही. ती शीतपेये, मिठाई, बिस्किटे आणि चॉकलेट बनवणाऱ्यांकडे जाते. त्यांच्यासाठी कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने साखर स्वस्त ठेवावी, हा आग्रह कोणत्या गरिबाच्या हिताचा आहे ते मला कळलेले नाही. शिधापत्रिकेवरच्या कुटुंबासाठी अनुदान थेट देता येते.

किमान विक्री दर एफआरपीशी सूत्राने बांधावा आणि दोन्ही एकाच दिवशी जाहीर व्हावेत, असे माझे मत आहे. मात्र ही वाढ विनाअट देऊ नये. ज्या कारखान्याचा काटा, साखर आणि मळी यांची नोंद बाहेरच्या यंत्रणेला खुली नाही, ज्याने तोडणी-वाहतुकीचा खर्च अंतराच्या टप्प्यांनुसार वेगळा दाखवलेला नाही, आणि ज्याने आसवनीला दिलेल्या मळीचा दर जाहीर केलेला नाही, त्याला वाढीव मासिक कोटा, शासनहमी आणि व्याजसवलत यांतले काहीही मिळू नये. मंत्र्यांच्या ज्या समितीत हंगामाची तारीख ठरते आणि टनामागे किती रुपये कोणत्या निधीला कापायचे ते ठरते, तिच्या टेबलाभोवती कारखान्यांशी संबंध असलेली माणसे असतात. त्यामुळे ही अट तेथून आपोआप येण्याची आशा कमी आहे. २०२५ साली मुख्यमंत्री सहायता निधीला दहा आणि पूरग्रस्तांसाठी पाच असे टनामागे पंधरा रुपये घेण्याचा निर्णय झाला, ओरड झाल्यावर ते कारखान्याच्या नफ्यातून घेणार असल्याचे सांगण्यात आले. कारखान्याचा नफा आणि उसाचे बिल यांच्यामध्ये भिंत कोठे आहे, हे मात्र कोणी दाखवले नाही.

सहकारी कारखान्याच्या सभासदाला निदान एक जागा आहे. वार्षिक सभेच्या आधी अहवाल घरी येतो आणि त्यात एकूण गाळप, साखर उत्पादन, तोडणी-वाहतुकीचा खर्च ही माहिती असते. वळवलेल्या साखरेसह एकूण साखरेच्या किलोंना त्या हंगामाच्या दराने गुणायचे, तोडणी-वाहतूक वजा करायची आणि गाळपाच्या टनांनी भागायचे. आलेला आकडा आणि आपल्या बिलाची बेरीज यांत फरक निघाला तर विषयपत्रिकेवर लेखी प्रश्न देता येतो. सगळे विषय पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात उरकायची जी पद्धत आपल्या सभांना पडली आहे, तिच्यात लेखी प्रश्न अडसर ठरतो, कारण त्याचे उत्तर इतिवृत्तात येते. राज्यात चालणाऱ्या कारखान्यांपैकी निम्मे आता खासगी आहेत. तेथे ऊस घालणारा सभासद नसतो, त्याला अहवाल येत नाही आणि सभेलाही बोलावणे नसते. तोच हिशेब मागायला त्याला पुण्याच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तालयात, अर्ज घेऊन जावे लागते.